खोट कुठं असते?

गेल्या पावसाळ्यात, पऱ्हाटीला पहिली पाती लागली होती तेव्हा, आमच्या गल्लीतल्या एक आजी नातवाला घेऊन माझ्या ओसरीवर आल्या. पदराच्या टोकाची गाठ त्यांनी दातांनी सोडली आणि एक तांब्याचं नाणं माझ्या हातावर ठेवलं.

"गुरुजी, हे पाहून द्या बरं. पोट्टा म्हन्ते, लाखाचं हाय."

नाणं त्यांच्या देवघरातलं, सासूकडून आलेलं. एका अंगाला द्रोणागिरी घेऊन निघालेला मारुती. दुसऱ्या अंगाला इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, एक आणा, आणि साल 1818. दर शनिवारी तेल-शेंदूर आणि सणावाराला चिंचेची घासणी. त्यामुळं मारुतीचा चेहरा गुळगुळीत झालेला आणि गदेच्या कडेला शेंदराची बारीक रेघ कायमची बसलेली. नातवानं या नाण्याचा फोटो फोनवरून कुणाला तरी पाठवला होता. पलीकडच्या माणसानं कळवलं होतं की असं नाणं तांदळाचे दाणे स्वतःकडं ओढत असेल तर त्याची किंमत कोटीत जाते. मात्र तपासायला यंत्र घेऊन माणसं येतील, त्यांची पंचवीस हजार रुपये फी आधी भरावी लागेल. पोरानं खताचे पैसे त्यासाठी बाजूला काढून ठेवले होते.

मी भिंग घेतलं, काटा घेतला, पण निकाल पहिल्या नजरेतच लागला होता. 1818 हे पेशवाई बुडाल्याचं साल. ऐकणाऱ्याला ते जुनं आणि भारदस्त वाटतं. कंपनीच्या नाण्यावर देव कधीच नव्हते असं नाही. मद्रासकडच्या 'तीन स्वामी' होनावर देवाच्या मूर्ती होत्या, पण ती सोन्याची बारकी नाणी. कंपनीनं साऱ्या मुलखासाठी एकसारखी नाणी पाडायला घेतली ती 1835 पासून, आणि त्यातल्या तांब्याच्या नाण्यांवर कंपनीचं स्वतःचं चिन्ह आहे, मारुती नाही. एक आण्याचं नाणं लोकांच्या हातात खेळायला लागलं ते एडवर्ड बादशहाच्या काळात, 1907 मध्ये. तेही तांब्याचं नव्हे, निकेल मिसळलेलं, कडेला लाटा असलेलं. देवाचं चित्र आणि कंपनीचं नाव एकत्र असलेले हे तुकडे पुढं कधीतरी कारखानदारांनी विकायसाठी बनवले. आणि तांदूळ ओढण्याची गोष्ट म्हणजे निव्वळ लबाडी: दाण्यांत लोखंडाचा कीस घालायचा आणि चुंबक लपवायचं.

हे सगळं मी नातवाला सावकाश समजावून सांगितलं. तो गप्प झाला. आजींनीही ऐकलं. नाणं परत गाठीत बांधता बांधता त्यांनी विचारलं, "मंग गुरुजी, म्या चाळीस वर्सं खोट्याचीच पूजा केली काय?"

त्या दिवशी मी जे उत्तर दिलं ते गुळमुळीत होतं. "भाव महत्त्वाचा, आजी," असं काहीतरी म्हणालो. त्या मान हलवून गेल्या. पण माझं मला समाधान झालं नाही. ज्या माणसानं आयुष्यभर खरं-खोटं पारखलं, त्याला या प्रश्नाचं नीट उत्तर देता येऊ नये, हे मला लागलं. गेले काही महिने मी तेच उत्तर शोधतो आहे.

आमच्या घराण्यात पोतदारी होती. आज ते नुसतं आडनाव म्हणून उरलं आहे, पण गावगाड्यात सोनारच पोतदार असे, आणि साऱ्याचा पैसा सरकारात जाण्याआधी त्याच्या हाताखालून जाई. तेव्हा पैसा एक नव्हता. चांदवडी रुपया वेगळा, अंकुशी वेगळा, नागपुरी वेगळा, निजामाचा हाली वेगळा. प्रत्येकाची चांदी निराळी आणि भाव निराळा. पोतदार नाणं दगडावर वाजवी, कसोटीवर घासे, झीज पाही आणि बट्टा ठरवी. नावाला बट्टा लागला असं आपण आजही म्हणतो, तो शब्द या पाटावरचाच. वऱ्हाड 1853 मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेलं, पुढं सगळीकडं कलदार रुपया आला आणि पोतदारीचं काम संपलं. घरातली सवय मात्र गेली नाही. माझे वडील आमच्या बोरी गावातल्या दुकानात गिऱ्हाइकाचा जुना रुपया हातात घेतला की आधी डोळे मिटत. "आधी कानानं पाहावं," म्हणत. रुपया खोटा निघाला तर छिन्नीनं त्याचे दोन तुकडे करीत आणि दोन्ही तुकडे आणणाऱ्याच्या हातावर ठेवीत. "धातू तुमचा. खोटं इथं थांबलं."

मी दुकानात बसलो नाही. शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवलं, आणि शिक्षकाच्या पगारातून जमतील तशी नाणी गोळा केली. सर्वांत जास्त शिवराया. 1674 मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला आणि महाराजांनी स्वतःच्या नावाचं नाणं पाडलं: पुढं तीन ओळींत 'श्री राजा शिव', मागं 'छत्रपति'. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. होन आज हाताच्या बोटांवर मोजावे इतके उरले आहेत. शिवराई मात्र पेशव्यांच्या काळातही पडत राहिली आणि तिच्यावरचं नाव राजाचंच राहिलं. कुठं 'शिव', कुठं 'सिव', कुठं 'सीव'. कोरणारा जसं बोलला तसं त्यानं कोरलं.

अस्सल शिवराई हातोड्याखाली जन्मते. तांब्याची टिकली खाली ठेवायची, वर ठसा धरायचा आणि घाव घालायचा. ठसा बहुतेक वेळा टिकलीपेक्षा मोठा असे, म्हणून कुठं 'श्री' बाहेर जातो, कुठं 'जा' अर्धा राहतो. अख्खी अक्षरं सुबक मधोमध बसलेली शिवराई कुणी दाखवली की मी आधी सावध होतो. घावानं कड फाटलेली असते, अक्षराची धार उभी असते. ओतीव नकलेत अक्षराचे खांदे गोल होतात, साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारखे. भिंगाखाली सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात, कारण रस थंड होताना त्यात हवा अडकते. आणि कडेवर साच्याचा जोड कानशीनं घासून लपवलेला असतो. हिरवा गंज शतकं घेऊन चढला असेल तर तो तांब्याचाच भाग होतो. औषधानं आणलेला असेल तर टाचणीनं पापुद्रा सुटतो. पण सगळ्यांत मोठी खूण याहून साधी आहे. नाशिकजवळ अंजनेरीला 1980 पासून नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. तिथल्या संग्रहालयात एकाच राजाची एकाच प्रकारची नाणी ओळीनं मांडलेली पाहिली आणि तेव्हा ती खूण मनात पक्की बसली: हातानं पाडलेली दोन नाणी कधी तंतोतंत सारखी नसतात. म्हणून दोन शिवरायांची तीच कड तिथंच फाटलेली आणि तोच 'जा' तेवढाच अर्धा दिसला, तर दोन्ही एका साच्यातल्या समजाव्यात.

एवढं येत असूनही मी फसलो, आणि कसा फसलो ते सांगितल्याशिवाय आजींच्या प्रश्नापाशी जाता येणार नाही.

सहाव्या जॉर्जचा 1939 चा रुपया जमवणाऱ्यांमध्ये फार दुर्मीळ मानला जातो. 1938 चा हवा तेवढा मिळतो. 1940 पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि कडही बदलली. मधलं हे 1939 साल मुंबईच्या टांकसाळीतून थोडकंच बाहेर पडलं, म्हणून त्याला मोल. निवृत्तीनंतर एका मोठ्या शहरातल्या नाणेप्रदर्शनात एका विक्रेत्याकडून मी तो घेतला. काट्यावर 11.66 ग्रॅम, अगदी हवा तेवढा. दगडावर वाजवला, तर बंद्या रुपयाचा खणखणीत आवाज. कसोटीवर चांदी जुन्या रुपयाचीच. टांकसाळीचा ठिपकाही जागच्या जागी. बोरी नावाची गावं महाराष्ट्रात कितीतरी, म्हणून आमच्या बोरीला मागं 'अरब' लागतं आणि पत्ता पक्का होतो. त्या ठिपक्यानं माझ्या मनात तसाच पत्ता पक्का केला. दोन वर्षं तो रुपया मी मखमलीत ठेवला, आल्यागेल्याला दाखवला. भिंग हाताशी होतं, पण त्या एका नाण्यावर मी ते कधी धरलं नाही. धरावंसं वाटलं नाही, हे जास्त खरं.

मग एका दुपारी धरलं. 1, 9, 3 या आकड्यांभोवतीची जमीन एकसारखी सपाट होती. शेवटच्या 9 च्या पोटाखाली, डावीकडं, बारीक ओरखडे होते आणि तेवढ्याच जागी चांदीची चमक मेलेली. कुणीतरी 1938 मधल्या 8 च्या खालच्या गोलाची डावी बाजू अणकुचीदार हत्यारानं तासून टाकली होती.

मला पैशापेक्षा एका गोष्टीनं जास्त हलवलं. त्या रुपयात खोटं काय होतं? चांदी खरी. वजन खरं. आवाज खरा. मुंबईची टांकसाळ खरी. तो 1938 चा अगदी प्रामाणिक रुपया होता. वडिलांच्या प्रत्येक परीक्षेला तो उतरला असता, कारण कसोटी धातू तपासते, आणि धातूनं कुणाला फसवलं नव्हतं. तांदळाच्या कणाएवढ्या जागेत एका माणसानं एक खोटा शब्द लिहिला होता, तेवढंच.

माझे एक शिक्षक मित्र बौद्ध आहेत. त्यांनी मला बुद्धघोषाचा 'विसुद्धिमग्ग' वाचायला दिला होता. पाचव्या शतकात सिंहलद्वीपात रचलेला पाली ग्रंथ. त्यात प्रज्ञा म्हणजे काय हे सांगताना बुद्धघोष नाण्यांचाच दृष्टान्त देतो. सराफाच्या फळीवर नाण्यांची रास पडली आहे. अजाण मुलाला तिच्यात गोल, चौकोनी, नक्षीदार आकार दिसतात. खेड्यातल्या माणसाला आकार दिसतात आणि हे मोलाचं आहे, यानं वस्तू मिळतात, हेही कळतं. सराफाला हे दोन्ही कळतं, शिवाय अमकं खरं, तमकं खोटं, हे हिणकस. आणि ते तो पाहून, वाजवून, हुंगून, चाखून, तोलून ओळखतो, इतकंच नाही तर कुठल्या गावात, कुठल्या नदीकाठी, कुठल्या कारागिरानं ते घडवलं तेही सांगतो. पहिली संज्ञा, दुसरं विज्ञान, तिसरी प्रज्ञा. हे वाचताना मला डोळे मिटून रुपया वाजवणारे वडील दिसले. आणि त्या दृष्टान्तातलं शेवटचं कलम मला आता सर्वांत महत्त्वाचं वाटतं: कुणी घडवलं. सराफ शेवटी नाण्यामागच्या माणसापर्यंत जातो.

कारण नाणं म्हणजे नुसता धातू नाही, ती साक्ष आहे. अमक्या राजानं, अमक्या ठिकाणी, अमक्या वजनाची हमी घेतली, असं ते सांगतं. शेजारच्या वाशीम जिल्ह्यात तऱ्हाळ्याला 1939 मध्ये सातवाहनांच्या दीड हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. वासुदेव विष्णु मिराशींनी तो अभ्यासून प्रसिद्ध केला. त्यात कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी यांच्यासारखी नावं निघाली, जी पुराणांच्या राजवंशाच्या याद्यांत नाहीत. त्या राजांचं असणं जगाला कळलं ते त्या हिणकस मिश्रधातूच्या तुकड्यांमुळं. एक खोटं नाणं एका न झालेल्या राजाला जन्म देऊ शकतं, म्हणून नाण्याची खोट ही क्षुल्लक गोष्ट नाही.

उलट बाजूही पाहावी. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 मध्ये क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारला आहे. त्याच्या चिन्हांखाली नहपानाचा चेहरा अजून डोकावतो. एका राजाचं नाणं दुसऱ्यानं बदललं, तरी त्यांना कुणी खोटी म्हणत नाही, कारण बदलणारा उघड उभा राहिला आणि हमी स्वतःवर घेतली. माझ्या 9 मध्येही एकानं नाणं बदललं, पण तो लपून राहिला आणि बोललेला शब्द मुंबईच्या टांकसाळीच्या तोंडी घातला. आज बाजारात शिवकालीन होनाच्या प्रतिकृती मिळतात. प्रतिकृती म्हणून विकली तर ती सच्ची आठवण आहे. तीच मातीत पुरून, उकरून, शेतात सापडली म्हणून विकली तर खोटी. मधल्या काळात तिच्यात काहीच बदललं नाही. बदलला तो तिच्याबद्दल दिलेला शब्द.

म्हणजे खोट वस्तूत राहत नाही. आपल्याकडचे तत्त्वचिंतक हे फार आधी सांगून गेले. अंधारात दोरीला साप समजलो तर दोरी खोटी ठरत नाही. चूक ज्ञानात असते. आणि ज्ञान खरं कधी मानावं यावर त्यांनी शतकानुशतकं वाद घातला. मीमांसक म्हणतात, झालेलं ज्ञान खरंच धरून चालावं, त्याला बाधणारं काही पुढं येईपर्यंत. नैयायिक म्हणतात, तसं नाही, खरेपणा बाहेरून तपासून ठरवावा. शाळेत संस्कृत शिकवताना हे मला पोथीतलं भांडण वाटे. आता वाटतं, दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त जागा ओळखता आली पाहिजे. आईच्या हातचं जेवताना, लेकराचा शब्द ऐकताना आपण मीमांसक असतो आणि तसंच असावं. बाजारात नैयायिक असावं. माझी चूक अशी की मी बाजारात मीमांसक झालो. ज्या वस्तूनं माझ्याकडं दावा मांडला होता, किंमत घेतली होती, तिच्यावर मी श्रद्धा ठेवली. आणि ती श्रद्धा मोडू नये म्हणून भिंग दूर ठेवलं. त्या श्रद्धेत माझा लोभ होता. तिला भाव म्हणायचं धाडस मी करणार नाही.

आजींची गोष्ट याच्या नेमकी उलट. त्यांनी चाळीस वर्षं त्या नाण्यापुढं हात जोडले ते मारुतीला. 1818 ला नाही, कंपनीला नाही. देवळातली मूर्तीही कुणा पाथरवटानं घडवलेलीच असते. तिच्या दगडाचं वय विचारून आपण नमस्कार करत नाही. त्या तांब्यानं आजींपुढं कधी दावा मांडला नव्हता, म्हणून त्यांना फसवणंही त्याला शक्य नव्हतं. देवघरात उद्या अस्सल शिवराई आली तरी पूजा त्यानं जास्त खरी होणार नाही.

मात्र इथं थांबलो तर मी पुन्हा तेच गुळमुळीत उत्तर देत असेन. कारण त्या नातवाला लुबाडायला निघालेला माणूस याच भावावर टपून होता. देवाचं नाणं आहे, चमत्कार करील, असं म्हणत तो देवघरातून नाणं बाजारात ओढत होता. भाव असला की झालं, असं आपण सरसकट म्हणू लागलो तर स्वयंभू म्हणून विकलेला कोरीव दगड आणि एकमुखी म्हणून विकलेला तासलेला रुद्राक्ष, सगळे त्या एका वाक्याआड लपतात. देवघर जोवर हात जोडतं तोवर त्याला कसोटी लावायचं कारण नाही. ते किंमत सांगू लागलं, फळ कबूल करू लागलं, पैसे मागू लागलं, की त्याला दगडावर वाजवून घ्यावंच लागतं, मग वाजवणारा कितीही भाविक असो. खऱ्या श्रद्धेचं त्यात काही जात नाही. भिंगाखाली जळते ती फक्त तिच्यावर चढवलेली खोटी साक्ष.

माझ्या रुपयाचा विक्रेता मला नंतर म्हणाला होता की तुम्हीही तो पुढं कुणाला देऊन टाका, तुमचे पैसे निघतील. दिवाळीच्या आधी मी वडिलांची छिन्नी शोधून काढली. लक्ष्मीपूजनात तो रुपया ठेवायची माझी इच्छा नव्हती. ऐरणीवर ठेवून एका घावात तोडला. आठाचा नऊ केलेली जागा दोन तुकड्यांत वाटली गेली. चांदी आता टेबलाच्या खणात आहे, नुसती चांदी म्हणून.

त्यानंतरच्या शनिवारी मी आजींच्या घरी गेलो. हे सगळं त्यांना इतक्या शब्दांत सांगायची गरज नव्हती. जेवढं सांगायचं तेवढं सांगितलं. नाण्यावरचं साल खोटं आहे, ते लिहिणारा खोटं बोलला, त्याचं पाप त्याच्याकडं. तुमची पूजा त्यात येत नाही. त्यांनी निरांजनाची वात सारखी केली आणि म्हणाल्या, "म्या त्याले साल कधी इचारलंच नाई, गुरुजी."

नातू बाजूला खताच्या पोत्यावर बसून ऐकत होता. आजींनी नाणं तबकातून काढून मला दाखवलं. शेंदराचा थर चढून मारुती पार झाकला होता. घासू का, असं त्यांनी विचारलं. जुनं नाणं कधी घासू नये, चिंच तर लावूच नये, गंजाबरोबर त्याची साक्षही धुवून जाते, हे मी पस्तीस वर्षं भेटेल त्याला सांगत आलो आहे.

"घासा, आजी," मी म्हणालो. त्यांनी वाटीत भिजवलेली चिंच पुढं ओढली.